लिटरला किलो

मळी घ्यायची ठरली त्या संध्याकाळी धाकट्या भावाने सुताराला सगळ्यांदेखत विचारलं, मचाण झेपेल का. आणि सुताराने सगळ्यांदेखतच सांगितलं, झेपेल.

पावसाने दुसऱ्या वर्षीही तोंड दाखवलं नव्हतं. हिरव्या चाऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. गोठ्यातल्या पंचवीस जनावरांपुढे टाकायला वाळलेलं काड तेवढं उरलं होतं. गाई ते एकदा हुंगायच्या नि तोंड फिरवायच्या. त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. काडावर मळी शिंपडली तर जनावर दांड्यासकट खातं, असं कुणीतरी धाकट्याला सांगितलं. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरतो तो काळा, चिकट पाक. टँकर दारात येणार होता, पण एकदाच, आणि दोन हजार लिटरच्या खाली द्यायला ते तयार नव्हते. एवढी मळी ठेवायला घरात एकच जागा होती. गोठ्याच्या भिंतीलगतची मचाणावरची टाकी. विहीर आटल्यापासून ती कोरडीठाक पडली होती.

"दादा, दोन हजार लिटर मळी वर चढवली तर मचाण धरेल ना?" धाकटा म्हणाला.

ओट्यावर शेजारचा दूधवाला बसला होता, आणखी दोघंतिघं होते. चार माणसांत सुताराला काही विचारलं जाऊन वर्ष लोटलं असेल. दारं लोखंडाची झाली, खुर्च्या प्लॅस्टिकच्या झाल्या, आणि त्याच्या हातातलं काम सुटत गेलं. हे मचाणच त्याचं शेवटचं मोठं काम. आठ वर्षांपूर्वीचं. त्याने बापाने शिकवलेला हिशेब केला. बाप जन्मभर पाण्याच्या टाक्यांची मचाणं बांधत आला, आणि त्याचा एकच मंत्र होता: लिटरला किलो.

"दोन हजार किलो झाले," सुतार म्हणाला. "मी पंचवीसशे धरून बांधलंय. खुशाल चढव."

"ऐकलंत?" धाकटा इतरांना म्हणाला. "आमचा दादा एका दमात हो म्हणाला. आज नक्की पाऊस पडणार."

सगळे हसले. सुतारही हसला. गावात त्याला 'दोनदा' म्हणत. कुठलंही लाकूड तो दोनदा मापायचा, मग कापायचा, आणि कापल्यावर पुन्हा मापायचा. वर्षापूर्वी गोठ्याच्या छपराचं आडवं लाकूड पोकळ वाजतंय म्हणून त्याने सगळी जनावरं भर उन्हात बाहेर काढायला लावली होती. लाकूड उतरवून पाहिलं तर भुंग्याचं एक भोक, करंगळी जाईल एवढं. तेव्हापासून त्याच्या सावधपणाला गावात हशाशिवाय काही मिळत नव्हतं. म्हणून त्या संध्याकाळी 'खुशाल' म्हणताना त्याला बरं वाटलं. जेवताना त्याने ताटातलं काही मागे ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकट्याने पाच लिटरचा एक कॅन आणला. जनावरं खरंच खातात का, ते बघायला थोडी मळी.

"दादा, एवढा कॅन गोठ्यात नेऊन ठेव रे."

सुताराने कॅनला हात घातला आणि खांदा खाली ओढला गेला. त्याने कॅन परत जमिनीवर ठेवला. चाळीस वर्षं त्या हाताने लाकडं उचलली होती. फळी ओली की सुकी, हे तो डोळे मिटून सांगायचा. पाच लिटर पाणी किती ओढतं, हेही त्या हाताला ठाऊक होतं. हे पाच लिटर तेवढं ओढत नव्हतं, जास्त ओढत होतं.

त्याने कॅन पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"काय झालं? उसण भरली का?" धाकट्याने विचारलं.

"नाही. काही नाही."

तो कॅन घेऊन गोठ्यात गेला. भावजय मचाणाखाली बसून धार काढत होती. गोठ्याच्या अंगणात सावली म्हणाल तर तेवढीच. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास ती तिथे लहानशा स्टुलावर बसायची, आणि एकेक गाय तिच्यापुढे आणून बांधली जायची. टाकी बरोब्बर तिच्या डोक्यावर. सुताराने वर पाहिलं, मग तिच्या केसांतल्या भांगाकडे पाहिलं.

"जरा लिटरचं माप मिळेल का?" तो म्हणाला.

तिने काही न विचारता मापातलं दूध बादलीत ओतलं, माप विसळलं आणि पुढे केलं. ती एकूणच कमी बोलायची. घरात धाकट्याचं बोलणंच इतकं असायचं की दुसऱ्याला जागा नसायची.

माप आणि कॅन घेऊन तो पेंडवाल्याच्या दुकानात गेला. पेंडवाल्याकडे दोन काटे होते. पोत्यांचा मोठा, आणि किरकोळ मालाचा छोटा.

"ये, दोनदा! आज काय मोजायचंय?"

"जरा काटा दे. माझंच आहे काम."

त्याने रिकामं माप ठेवलं. दीडशे ग्रॅम. मग माठातलं पाणी काठोकाठ भरून ठेवलं. एक किलो दीडशे. म्हणजे पाणी किलोभर; काटाही खरा आणि बापही खरा. मग पाणी ओतून, माप पुसून, त्यात कॅनमधली मळी ओतली. ती पडायलाच वेळ लावत होती. काठाशी आल्यावर बोटाने निपटून काट्यावर ठेवली.

एक किलो साडेपाचशे.

"अरे, काट्याला चिकटेल ते! माश्या लागतील," पेंडवाला ओरडला. "आणि एकदा मोजून झालं ना?"

"अजून एकदा."

"हे आलंच."

गिऱ्हाइकं हसली. सुताराने मळी परत कॅनमध्ये ओतली, माप धुतलं, पुसलं, आणि सगळं पहिल्यापासून केलं. मळी पुन्हा एक किलो साडेपाचशे. मापाचे दीडशे वजा केले की उरले चौदाशे ग्रॅम. लिटरला किलो नव्हे, लिटरला किलो आणि वर चारशे. पेंडवाल्याचा काटा त्याने फडक्याने दोनदा पुसून दिला, आणि पेंडवाला म्हणत होता, "वय झालं बाबा तुझं."

खोलीवर येऊन त्याने एका फळीवर पेन्सिलने मांडलं. दोन हजार लिटर, प्रत्येक लिटरला एक किलो चारशे. अठ्ठावीसशे किलो. त्याने मचाण बांधलं होतं पंचवीसशेचं, तेही आठ वर्षांपूर्वी, लाकूड नवं असताना. आता त्यावर आठ उन्हाळे गेले होते. त्याने गुणाकार पुसला आणि परत केला. अठ्ठावीसशेच आले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. खुशाल चढव, असं त्याच्याच तोंडाने सांगितलं होतं.

संध्याकाळच्या धारेच्या वेळी तो अंगणात गेला. धाकटा गाई बदलत होता, भावजय स्टुलावर होती, दूधवाला किटल्या घेऊन उभा होता. दूधवाला गेल्यावर बोलावं असं सुताराच्या मनात होतं. पण दूधवाला हलेना.

"मी काल बोललो ते चुकलं," तो शेवटी म्हणाला. "मचाण झेपणार नाही."

धाकटा थांबला. "एका रात्रीत काय झालं मचाणाला?"

"मचाणाला नाही. मळी जड आहे. मी वजन केलं. दोन हजार लिटर पाणी असतं तर दोन हजार किलो. मळी अठ्ठावीसशे होते. म्हणजे टाकी भरून वर आणखी दोन गाई चढवल्यासारखं आहे."

"गाई कशाला वर चढतील, दादा?"

दूधवाला खो खो हसला. धाकट्याला हसवायला माणूस मिळाला की तो कुणाचं ऐकत नसे. "बरं, मला सांग. किलोभर कापूस जड की किलोभर लोखंड?"

"सारखंच. पण..."

"सारखंच ना? मग दोन हजार लिटर पाणी आणि दोन हजार लिटर मळीसुद्धा सारखंच! लिटर म्हणजे लिटर. शाळेत मास्तरांनी हेच विचारून तुला अंगठे धरायला लावले होते. आठवतंय?"

सुताराला आठवत होतं. उत्तर चुकीचं आहे हेही त्याला कळत होतं. पण कुठे चुकतंय ते शब्दांत येईना. बोलणाऱ्याचे हुलगे खपतात, न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात.

"मग चौदाशेच लिटर भर. त्याचे दोन हजार किलो होतात," तो म्हणाला.

"आणि उरलेली सहाशे कुठे ओतू? तुझ्या खोलीत? दोन गाई बसल्यात, दादा. उठत नाहीयेत. टँकर परवा येतोय आणि परत येणार नाही." आता धाकटा हसत नव्हता. "छपराच्या वेळीही असंच केलंस. लोकांत माझी शोभा झाली. आता पुरे."

भावजयीने मान वर केली नाही. धार बादलीत पडत राहिली. मग आपल्याला कुणी जा म्हणत नाहीये आणि थांबही म्हणत नाहीये, हे लक्षात आल्यावर सुतार खोलीकडे वळला.

त्याची खोली गोठ्याच्या मागे होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या खोलीत मोठ्याने बोलायचं काही काम पडलं नव्हतं. डोक्यावर माळा होता, आणि माळ्याला चार तुळया. जुन्या, जाड, आठ-आठ फुटांच्या. मचाणाच्या दोन मोठ्या तुळयांच्या पोटात खालून दोन-दोन टेकू दिले तर वजन वाटलं जाईल, हे त्याला दिसत होतं. लाकूड विकत आणून कुणी देणार नव्हतं. हाताशी होतं ते डोक्यावरचं एवढंच.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून तो माळा उतरवायला लागला. आधी बायकोची पेटी, मग गाद्या, मग न लागणारी भांडी, मग स्वतःची हत्यारं. सगळं जमिनीवर आलं तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. मग फळ्या काढल्या. मग एकेक तुळई भिंतीतून हलवून सोडवली. एकट्या माणसाने तुळई उतरवायची म्हणजे एक टोक दोराने बांधायचं, दुसरं खांद्यावर घ्यायचं, मग जाऊन दोर ढिला करायचा, मग परत येऊन खांदा द्यायचा. खांद्याचं कातडं सोललं. दुपारपर्यंत चारही तुळया अंगणात आल्या.

दगड बसवून, ओळंबा लावून त्याने त्या मचाणाखाली एकेक उभ्या केल्या, आणि पायाशी ठोकायच्या पाचरी तासायला बसला. तासता तासता, तिसऱ्या पाचरीवर, त्याला एकदम ते सापडलं. किलोभर कापूस आणि किलोभर लोखंड सारखंच; पण पोतंभर कापूस आणि पोतंभर लोखंड? लिटर हे पोतं आहे! भरायचं माप. त्यात काय भरलंय त्यावर वजन. एवढं सोपं! त्याने मान वर केली. अंगणात एक बसलेली गाय होती आणि तिच्या डोळ्यांवरच्या माश्या.

"पोतंभर लोखंड उचलून दाखव म्हणावं," तो गाईला म्हणाला. मग पाचर तासायला लागला.

धाकटा दुपारी आला आणि टेकू बघून कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"घर मोडलंस?"

"माळाच आहे फक्त. परत लावीन."

"लोक काय म्हणतील? भाऊ भावाच्या खोलीचे वासे काढतोय?"

"मी काढलेत म्हणून सांग."

"तेच सांगणार आहे," धाकटा म्हणाला, आणि पाय आपटत निघून गेला. पण टेकवांना त्याने हात लावला नाही.

टँकर दुसऱ्या दिवशी अकराला आला. पाइप टाकीत सोडला, पंप सुरू झाला, आणि बघायला जमलेल्या माणसांत सगळ्यात पुढे पेंडवाला होता. धाकटा गुरांना लांब बांधत होता. सुतार टेकवांमध्ये उकिडवा बसून पाचरींवर हात ठेवून होता. निम्म्यापर्यंत काही झालं नाही. मग मचाणाने एकदा कण्हल्यासारखा आवाज काढला आणि त्याच्या हाताखालच्या पाचरीतून एक हिसका गेला. त्याने हातोडा घेऊन ती आणखी दोन बोटं आत मारली. पुन्हा आवाज आला, पुन्हा ठोकली. पंपाच्या धडधडीत भोवतीच्या माणसांना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्यांना एवढंच दिसलं की 'दोनदा' मचाणाखाली शिरून हातोडा मारत बसलाय.

टाकी भरली. मचाण उभं राहिलं.

"पडलं का रे?" पेंडवाल्याने विचारलं. "मी लांबून आलोय बघायला."

हशा पिकला आणि माणसं पांगली. ड्रायव्हर पाइप गुंडाळत होता. तो सुताराला म्हणाला, "टेकू दिलेत ते बरं केलंत. हा माल लई जड. आमचा टँकर पाच हजारांचा, पण मळी असली की साडेतीनच भरतो. नाहीतर चाकं बसतात."

सुतार ताडकन उभा राहिला. "हे जरा माझ्या भावाला सांगाल का? तो तिकडे आहे, गुरांपाशी. एवढंच सांगा."

ड्रायव्हरने गुरांकडे पाहिलं. उन्हाकडे पाहिलं. "आता तर भरून झालं की, काका," तो म्हणाला, आणि केबिनमध्ये चढला.

गाई काड खायला लागल्या. बसलेल्या दोघींतली एक चौथ्या दिवशी उठली. रोज दोन बादल्या मळी काढली जायची, पाण्यात कालवून काडावर शिंपडली जायची, आणि सगळ्या अंगणाला तो गोड, करपट वास बसला होता. सुतार रोज सकाळी शिडी लावून टाकीत काठी बुडवायचा. भरली होती तेव्हा काठी सत्तर इंच ओली व्हायची. पन्नास इंचांवर आली की चौदाशे लिटर राहिले, म्हणजे दोन हजार किलो. मग मचाण आपल्या पायावर उभं राहील. रोज साधारण एक इंच उतरत होता. वीस दिवस लागणार होते.

वीस दिवस फार झाले. रात्री वारा सुटला की त्याला जाग यायची. धारेच्या वेळी तो अंगणात जात नसे. खोलीच्या दारातूनच बघायचा. भावजयीने दुसऱ्याच दिवशी आपलं स्टूल तिथून उचललं होतं आणि पलीकडच्या भिंतीपाशी नेलं होतं. तिथे सावली नव्हती. डोक्यावर पदर ओढून ती भर उन्हात धार काढायची. टेकवांनी तिची जागा अडवली, हे सुताराला दिसत होतं. आपल्या भीतीपायी तिच्या डोक्यावर ऊन आलं. तिच्यासाठी केलेलं तिलाच नडलं. तिची नजर चुकवून तो ताट घ्यायला जायचा आणि खोलीत, पेटीवर बसून, जेवायचा. मळीची बादली भरायला धाकटा स्वतः मचाणाखाली जायचा. पूर्वी हे काम तिचं होतं. मला खिजवायला जातो, सुतार मनात म्हणायचा. जणू म्हणतोय, बघ, मी उभा आहे खाली, काय होतंय मला? एकविसाव्या दिवशी काठी साडेएकोणपन्नास इंच ओली झाली. त्याने पुसून परत बुडवली. तेवढीच.

त्याने पाचरी सैल केल्या. चौथा टेकू निघाला तेव्हा मचाण हललंसुद्धा नाही. चारही टेकू त्याने अंगणात ओळीने ठेवले, वरची टोकं एका बाजूला. चारही टोकांवर मचाणाची तुळई रुतल्याची खूण होती, अर्धं बोट खोल, जुनं टणक लाकूड लोण्यासारखं दबलेलं. त्याने त्यातल्या एकीत अंगठा ठेवला. मग धाकट्याला हाक मारली.

"हे बघ. एवढं वजन यांच्यावर आलं होतं."

धाकट्याने वाकून पाहिलं. "लाकूड कुजलंय, दादा. तुझ्या माळ्यालाच धोका होता." मग त्याने सुताराच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो हात प्रेमाचाच होता. "शेवटी काढलेस ना टेकू? कळलं ना, गरज नव्हती ते?"

सांगण्यासारखं सगळं आता सुताराला येत होतं. पोतं, कापूस, टँकरचे साडेतीन हजार, सगळं. पण धाकट्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि दुसरी गाय काही उठली नव्हती. ती कालच गेली होती.

"कळलं," तो म्हणाला.

दुपारभर त्याने तुळया परत भिंतीत बसवल्या. दबलेली टोकं आत गेली, वरून मातीने लिंपून घेतली. मग हात धुवायला तो अंगणात आला. धारेची वेळ झाली होती. भावजय हातात स्टूल घेऊन मचाणापासून चार पावलांवर उभी होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता बसू ना तिथे?"

त्याला आधी समजलंच नाही. "कुठे?"

"मचाणाखाली. तुम्ही टेकू काढलेत, म्हणजे वजन उतरलं असेल म्हटलं. तरी विचारून घ्यावं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने तिचं नाक आणि कपाळ सोललं होतं.

"मला वाटलं टेकवांची अडचण होते म्हणून तू तिकडे गेलीस."

"टेकवांची कसली अडचण? त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, टाकीवर दोन गाई चढल्यासारखं आहे. मी रोज गाईखाली बसते. दोन गाई अंगावर आल्या तर काय होतं, मला ठाऊक आहे." तिने स्टूल दुसऱ्या हातात घेतलं. "म्हणून बादली भरायलाही मी ह्यांनाच पाठवत होते."

सुताराला हसू आलं. एकवीस दिवस. एकदा एवढं म्हणाली असती तर तो ताट घेऊन ओट्यावर बसून जेवला असता. मग त्याच्या ध्यानात आलं की त्याने भावाला सांगितलं होतं, पेंडवाल्याला दाखवलं होतं, ड्रायव्हरची विनवणी केली होती, गाईलासुद्धा समजावलं होतं. जी खाली बसते तिला समोर जाऊन एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"तुला सांगायला हवं होतं मी," तो म्हणाला.

"मी होतेच की तिथे," ती म्हणाली. "बसू?"

"बस. चौदाशे लिटरच्या खाली आहे."

ती आत गेली, स्टूल टेकवलं, पहिली गाय ओढून घेतली. सुतार दोन पावलं खोलीकडे गेला. मग वळला, मचाणाखाली शिरला आणि तिच्यापासून दोन हातांवर, टाकीच्या बरोब्बर खाली, भिंतीला पाठ लावून बसला. तिने एकदा पाहिलं आणि गाईच्या कासेला हात घातला. धार संपेपर्यंत दोघं तिथेच बसून होते.